बीड जिल्ह्यातील अल्पखर्ची सहली

बीड जिल्ह्यातील अल्पखर्ची सहली म्हणजे मित्रमंडळींनी शनिवार-रविवारच्या सुट्टीत, मुख्यतः एस.टी. बसने, बालाघाट डोंगररांगेच्या कडेने केलेला दोन दिवसांचा प्रवास होय. मराठवाड्यातील या जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही आणि प्रसिद्ध असे थंड हवेचे ठिकाणही नाही. तरीही एका रेषेत येणारी धबधबे, बारव, किल्ला, लेणी आणि देवस्थाने कमी पैशांत पाहता येतात, हे या सहलींचे वैशिष्ट्य आहे. त्यांचे स्वरूप दोन गोष्टी ठरवतात: पाऊस आणि बसचे वेळापत्रक.

भौगोलिक पार्श्वभूमी

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर असून त्यात अकरा तालुके आहेत. उत्तरेकडील गोदावरीकाठ सपाट व काळ्या जमिनीचा आहे. दक्षिणेकडे बालाघाटचे पठार आहे. पठाराच्या कडा जेथे तुटतात, तेथेच जिल्ह्यातील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे आढळतात. मांजरा नदीचा उगम याच पठारावर पाटोदा तालुक्यात होतो, तर बिंदुसरा नदी पठारावरून उतरून बीड शहरातून वाहते. जिल्हा पर्जन्यछायेत असल्याने पाऊस कमी व बेभरवशाचा आहे. धबधबे पावसाळ्यातील काही आठवडेच भरून वाहतात आणि अवर्षणाच्या वर्षी तेवढेही वाहत नाहीत. त्यामुळे येथील सहलीची तारीख पंचांगापेक्षा पावसाच्या बातमीवर ठरते.

प्रवासाची साधने

जिल्ह्याच्या पूर्व टोकास असलेले परळी हे जुने रेल्वे जंक्शन आहे. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बीड शहरात मात्र दीर्घकाळ रेल्वे नव्हती. अहिल्यानगर–बीड–परळी या सुमारे २६१ किलोमीटर लांबीच्या मार्गाची मागणी अनेक दशके चालू होती. या मार्गावरील अहिल्यानगर–आष्टी गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली, आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, पहिली प्रवासी गाडी बीडहून अहिल्यानगरकडे निघाली. त्या वेळी बीड ते परळी हा टप्पा अपूर्ण होता. बीडपर्यंत रेल्वेने यावे आणि परळीहून रेल्वेनेच परतावे, असा बेत आखणाऱ्यांना मधले अंतर रस्त्यानेच कापावे लागते. सहलीचा सर्वांत देखणा भाग नेमका याच अंतरात येतो.

येथे मुख्य आधार एस.टी.चा असतो. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या बसमध्ये महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळते, त्यामुळे मुलामुलींच्या एकत्रित गटाचा खर्च बराच उतरतो. चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही उपलब्ध असतो. परंतु दोन दिवसांच्या छोट्या सहलीस तो बहुधा महागच पडतो. फाट्यापासून आतल्या गावापर्यंत काळी-पिवळी जीप किंवा रिक्षा करावी लागते. पाच-सहा जणांचा गट असल्यास हा खर्च वाटला जातो. एकट्याने फिरणाऱ्यास हीच सोय जड जाते. सायंकाळच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच विचारून ठेवणे श्रेयस्कर, कारण ती चुकल्यास वाचवलेले सारे पैसे परतीच्या वाहनावर खर्च होतात.

प्रमुख स्थळे

पश्चिमेकडून येताना पाटोदा तालुक्यातील सौताडा हे पहिले मोठे ठिकाण. येथे विंचरणा नदी खोल दरीत कोसळते व दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पावसाळ्यात दरीचा काठ निसरडा होतो. धबधबा पाहण्यासाठी कडेपर्यंत जाणे धोक्याचे आहे. याच तालुक्यात १९९४ साली घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य सुमारे ३० चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. मोर पाहटे व सायंकाळी दिसतात, म्हणून भर दुपारी पोहोचणारा गट बहुधा केकांवरच समाधान मानतो.

बीड शहरात तलावाच्या मध्यभागी उभे असलेले कंकालेश्वर मंदिर आहे. शहराजवळील खजाना बावडी ही विहीर निजामशाहीच्या काळात, इ.स. १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने बांधविली. विहिरीत पाणी आणणारे आणि तेथून शेतीसाठी पुढे नेणारे भुयारी मार्ग ही तिची खरी ओळख. वरून पाहता ती साधी गोल विहीर वाटते. तिचे महत्त्व जमिनीखाली आहे. टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वीची ही जलव्यवस्था घाईने पाहून निघण्याजोगी नाही.

धुळे–सोलापूर महामार्गावरील मांजरसुंबा परिसरातून कपिलधारला जाता येते. येथे धबधबा असून त्याजवळ ‘परमरहस्य’ या ग्रंथाचे कर्ते, वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेस महाराष्ट्र व कर्नाटकातून भाविक पायी येतात. शांतता हवी असलेल्या गटांनी ते दिवस टाळावेत. यात्रा पाहायची असल्यास मात्र तेच दिवस योग्य.

मांजरसुंब्याहून केजमार्गे अंबाजोगाई गाठता येते. वडवणी–तेलगावमार्गे जाणारा दुसरा रस्ता धारूरचा घाट चढतो आणि आदिलशाही सरदार किश्वरखानाच्या नावाशी जोडलेला धारूरचा किल्ला त्या वाटेवर लागतो.

अंबाजोगाईत मुक्काम करणे सोयीचे ठरते. योगेश्वरी ही अनेक कोकणस्थ कुटुंबांची कुलदेवता असल्याने सागरकिनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या या पठारावर येत आली आहेत. लोककथेनुसार योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता; परंतु मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागीच दगड झाले. हत्तीखाना लेण्यांतील पाषाणी हत्ती त्या वऱ्हाडातले, असे सांगतात. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी गावाबाहेरील दरीत आहे. विदर्भातील अंभोरे येथेही त्यांची समाधी दाखवली जाते आणि हा वाद अभ्यासकांत मिटलेला नाही. पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिणारे दासोपंत यांचीही ही कर्मभूमी. ही ठिकाणे पायी फिरून पाहता येतात, त्यामुळे येथे पूर्ण दिवस घालवूनही खर्च फारसा वाढत नाही. परळी येथून जवळ आहे. वैजनाथाची गणना बारा ज्योतिर्लिंगांत केली जाते व मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी केला.

निवास, आहार आणि हंगाम

देवस्थानांच्या गावी भक्तनिवास व धर्मशाळांत माफक दरात राहता येते. श्रावणात, नवरात्रात आणि महाशिवरात्रीस तेथे जागा मिळणे कठीण असते. रस्त्याकडेच्या खानावळीत ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले व ठेचा मिळतो. पावसाळा सरता सरता बालाघाटची सीताफळे बाजारात येतात. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फळ चार-पाच जणांत वाटून लगेच खावे लागते. घरी नेईपर्यंत ते टिकेलच असे नाही.

सीताफळांचा हंगाम सरत आला की जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. दिवाळीच्या आसपास या रस्त्यांवर संसार लादलेले ट्रक व ट्रॅक्टर दिसतात, आणि अनेक आडगावांत घर सांभाळायला केवळ वृद्ध मागे राहतात.