तिळात वायू कुठून आला?

परदेशी बंदरात तीळ किंवा मसाल्यात कीटकनाशकाचा अंश सापडला, की बोट शेतकऱ्याकडे वळते. भारतीय तिळाबाबत ते चुकले. सप्टेंबर 2020 मध्ये बेल्जियमने युरोपीय महासंघाला इशारा दिला तो इथिलीन ऑक्साइडमुळे. साल्मोनेलासारखे जंतू मारण्यासाठी हा वायू काढणीनंतर बंदिस्त खोलीत मालावर सोडतात. शेताशी त्याचा संबंध नाही. माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते. पुढच्याच महिन्यात युरोपने भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा तपासण्याचा नियम केला.

अमेरिका किलोमागे 7 मिलिग्रॅम चालवून घेते, मग युरोपचे 0.05 हा व्यापारी अडसरच, असा एक आक्षेप आहे. आकडा कडक आहे खरा. तो धोक्याचा उंबरठा नाही, प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येणारा तळ आहे. शिवाय वायूपासून बनणारे 2-क्लोरोइथेनॉलही युरोप त्यातच धरतो, तर अमेरिकेची त्यासाठी वेगळी आणि बरीच सैल मर्यादा आहे. पण थेट जनुकांवर घाला घालणाऱ्या द्रव्याची निर्धोक पातळी सांगता येत नाही, तेव्हा तळ धरणेच तर्काला पटते. राहिला साल्मोनेला. तो खरोखरच घातक, पण वाफेनेही मरतो. वाफेने रंग-वास थोडा उतरतो, खर्च वाढतो. तो खर्च कोणी सोसायचा यावर निर्यातदारांनी जरूर भांडावे. वायूवाचून गत्यंतर नाही, हा दावा मात्र टिकत नाही.