मालवाहू ट्रकच्या अपघातातील नोंदयंत्राची माहिती : पुरावा म्हणून तिचे मूल्य व मर्यादा

बीजसंज्ञा : नोंदयंत्र, इंजिन नियंत्रण एकक, इलेक्ट्रॉनिक पुरावा, पुरावा-जतन, नुकसानभरपाई.

प्रस्तावना

रस्ते अपघाताच्या खटल्यात प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला आजवर मोठे स्थान राहिले आहे. तथापि रात्रीच्या महामार्गावर साक्षीदार बहुधा नसतो, आणि असला तरी तो धडकेचा आवाज ऐकून मागे वळलेला असतो. वाहनचालकाचे निवेदन स्वाभाविकपणे स्वतःच्या बचावाकडे झुकलेले असते, तर ज्याचे म्हणणे ऐकणे सर्वांत आवश्यक असते ती व्यक्ती पुष्कळदा हयात नसते. अशा वेळी ट्रकच्या इंजिनाबरोबर चालणारे नोंदयंत्र हा एक मूक साक्षीदार ठरतो. परंतु हा साक्षीदार अल्पायुषी आहे आणि तो दाव्यातील प्रतिपक्षाच्याच ताब्यात असतो. त्याच्या पुराव्याचे मूल्य या दोन गोष्टींवर अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या प्रकारच्या पुराव्याचा वापर अमेरिकेत दीर्घकाळ होत असल्याने विवेचनाचा मुख्य आधार तेथील व्यवहार हा आहे. भारतीय कायद्याशी त्याचा संबंध लेखाच्या उत्तरार्धात पाहिला आहे.

नोंदयंत्राचे स्वरूप

विमानातील 'ब्लॅक बॉक्स'प्रमाणे ट्रकमध्येही एक पेटी असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००६ साली अपघात-नोंदयंत्रांसाठी नियम केले खरे, पण ते सुमारे ३,८५५ किलोग्रॅमपर्यंत वजनाच्या हलक्या वाहनांपुरतेच आहेत. छत्तीस टनांचा ट्रेलर त्यांच्या कक्षेत येत नाही. जड ट्रकमधील नोंद ही इंजिन नियंत्रण एककाची उपज आहे. इंजिनाची देखभाल आणि इंधनाचा हिशेब यांसाठी निर्मात्यांनी ही सोय केली आणि न्यायालयाने ती पुढे आपल्या कामी लावली.

यामुळे प्रत्येक निर्मात्याची पद्धत वेगळी आहे. डेट्रॉइट डिझेलच्या इंजिनांवरील प्रचलित प्रणालीचे उदाहरण घेऊ. ट्रकचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर प्रतितास या दराने घटला की 'तीव्र ब्रेक' ही घटना नोंदली जाते. तिच्या आधीची ६० सेकंदे व नंतरची १५ सेकंदे जतन होतात. त्यांत दर सेकंदाचा वेग, इंजिनाचे फेरे, ब्रेक व क्लचची स्थिती आणि इंजिनावरील भार यांचा समावेश असतो. अशा घटनांसाठी जागा दोनच असतात. तिसरी घटना घडली की सर्वांत जुनी पुसली जाते. याखेरीज 'शेवटचा थांबा' अशी एक स्वतंत्र नोंद असते आणि ट्रक पुन्हा चालून थांबला की तिची जागा नवा थांबा घेतो. म्हणजे अपघातग्रस्त ट्रक स्वतःच्या चाकांवर गोदामापर्यंत नेला, एवढ्यानेही पुरावा नष्ट होऊ शकतो. त्यासाठी कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही.

आणखी एक विसंगती येथे ध्यानात घेतली पाहिजे. प्रचंड वजनाचा ट्रक जेव्हा एखाद्या छोट्या मोटारीवर आदळतो, तेव्हा मोटारीचा चेंदामेंदा होतो, पण ट्रकचा वेग फारसा घटत नाही. अशा वेळी तीव्र ब्रेकची घटना नोंदलीच जात नाही. म्हणून नोंद नाही याचा अर्थ धडक किरकोळ होती, असा काढता येत नाही. बचावपक्ष मात्र तसा युक्तिवाद करू पाहतो.

इंजिनाखेरीज चालकाच्या कामाचे तास नोंदणारे इलेक्ट्रॉनिक उपकरणही असते. अमेरिकेत ते डिसेंबर २०१७ पासून बहुतेक आंतरराज्य मालवाहतुकीसाठी सक्तीचे झाले. सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर चौदा तासांच्या अवधीत अकरा तासच वाहन चालवता येते, या नियमाचे पालन त्यावरून तपासले जाते. शिवाय उपग्रहाधारित मागोवा यंत्रणा व कॅमेरे असतात ते वेगळेच.

क्रॅनबरीची घटना

७ जून २०१४ रोजी मध्यरात्रीनंतर न्यू जर्सी टर्नपाइकवर क्रॅनबरीजवळ वॉलमार्ट कंपनीचा एक ट्रक, रस्त्याच्या कामामुळे मंदावलेल्या रहदारीत, एका लिमोझिन व्हॅनवर मागून आदळला. व्हॅनमधील एक विनोदी कलावंत मृत्युमुखी पडले. सुप्रसिद्ध अभिनेते ट्रेसी मॉर्गन गंभीर जखमी झाले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने त्याच महिन्यात प्राथमिक अहवाल दिला. धडकेपूर्वीच्या ६० सेकंदांत ट्रकचा वेग ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर होता, असे त्यात म्हटले होते. त्या रात्री तेथील वेगमर्यादा कामामुळे ५५ वरून ४५ मैलांवर आणलेली होती. वेग कमी होता की जास्त हा वाद साक्षीदारांच्या आठवणींवर सोडण्याची गरजच उरली नाही.

परंतु या प्रकरणातील बोधप्रद भाग दुसराच आहे. कामाच्या तासांची नोंद पाहिली तर चालक १३ तास ३२ मिनिटे कामावर होता, म्हणजे चौदा तासांच्या मर्यादेच्या आत होता. नोंदीपुरते पाहिल्यास नियमभंग झाला नव्हता. मंडळाच्या २०१५ च्या अंतिम निष्कर्षानुसार मात्र तो २८ तासांहून अधिक काळ जागा होता, कारण कामावर हजर होण्यापूर्वी त्याने जॉर्जियातील घरापासून डेलावेअरपर्यंत रात्रभर प्रवास केला होता. हा प्रवास ट्रकच्या कोणत्याही यंत्रात नोंदला जाणे शक्य नव्हते. अपघाताचे कारण म्हणून मंडळाने ज्या थकव्यावर बोट ठेवले, तो यंत्राच्या नजरेबाहेर होता आणि माणसांनी केलेल्या चौकशीतूनच तो उघड झाला. येथे एक कायदेशीर बारकावा नोंदवणे आवश्यक आहे. मंडळाचा संभाव्य कारणाविषयीचा निष्कर्ष अमेरिकी कायद्यानुसार नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे वादीपक्षाला मूळ नोंदीच हस्तगत कराव्या लागतात.

नोंदीचे जतन

चालकाच्या कामाच्या तासांच्या नोंदी वाहतूकदाराने सहा महिने जपाव्यात, असा नियम आहे. याउलट न्यू जर्सीत शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. या दोन मुदतींमधील अंतरात पुरावा कायदेशीरपणेच नाहीसा होऊ शकतो. म्हणून तेथील वकील अपघातानंतर लगेच वाहतूकदाराला लेखी सूचना देऊन ट्रक, त्याचे एकक व सर्व नोंदी जशाच्या तशा ठेवण्यास सांगतात. सूचनेनंतरही पुरावा नाहीसा झाला तर न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकते. परंतु संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियम ३७(ई) मध्ये डिसेंबर २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, इलेक्ट्रॉनिक माहितीच्या बाबतीत असे अनुमान काढण्यासाठी दुसऱ्या पक्षाला पुराव्यापासून वंचित ठेवण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. निव्वळ निष्काळजीपणा पुरेसा नाही. जखमी व्यक्ती रुग्णालयात असताना हा हेतू तिने कसा सिद्ध करावा? या दुरुस्तीने तराजू वाहतूकदारांच्या बाजूला झुकवला, असे मत येथे मांडावेसे वाटते.

आकड्यांचे वाचन

ट्रकचा वेग रस्त्यावरून थेट मोजला जात नाही. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचे फेरे, मागील आसाचे गुणोत्तर आणि टायरचा आकार यांवरून एकक तो काढते. टायर वेगळ्या आकाराचे बसवले आणि एककातील आकडा बदलला नाही, तर प्रत्येक नोंद त्या प्रमाणात चुकते. चाके जाम होऊन ट्रक घसरत असेल तर वेग प्रत्यक्षाहून कमी, प्रसंगी शून्यही दिसतो. ताशी १०५ किलोमीटर वेगाचा ट्रक एका सेकंदात सुमारे २९ मीटर जातो, त्यामुळे दोन नोंदींच्या दरम्यान काय घडले ते अनुमानानेच भरावे लागते. रस्त्यावरील घसरण्याच्या खुणा, धडकेच्या जागा व वाहनांची मोडतोड यांच्याशी मेळ घातल्याखेरीज हे आकडे मांडू नयेत, हे तज्ज्ञांचे पथ्य रास्तच आहे.

'ब्रेक फेल झाले' हा बचाव आपल्याकडेही परिचित आहे. त्याची तपासणी या नोंदीतून करता येते. ब्रेकची खूण फक्त पॅडल दाबल्याचे सांगते, ब्रेक लागल्याचे नव्हे. पॅडल दाबलेले असून वेग घटत नसेल तर चालकाच्या म्हणण्याला बळ मिळते. पॅडल दाबलेच नसेल तर तो बचाव डळमळतो. वेग मोठा आणि इंजिनाचे फेरे मात्र मंदगतीचे, असे चित्र दिसल्यास घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचा संशय घेता येतो.

न्यायालयीन ग्राह्यतेचा प्रश्न अमेरिकेत प्रथम मोटारींच्या संदर्भात सुटत गेला. इलिनॉयमधील अपील न्यायालयाने २००२ मध्ये आणि फ्लोरिडातील अपील न्यायालयाने २००५ मध्ये एअरबॅगशी निगडित नोंदी ग्राह्य मानल्या. २०१७ पासून संघीय पुरावा नियमांत पात्र व्यक्तीच्या प्रमाणपत्रासह इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करण्याची तरतूद झाली आहे.

भारतीय संदर्भ

भारतीय पुरावा अधिनियमात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये आलेल्या कलम ६५ब ने असे प्रमाणपत्र पुष्कळ आधीच मागितले होते. त्याची अनिवार्यता २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केली. हा वाद आपल्याच राज्यातील जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. त्यांतील एक तज्ज्ञाने भरावयाचा असून त्यात नोंदीचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. प्रत मूळ नोंदीबरहुकूम आहे की नाही हे या मूल्यावरून पडताळता येते. ताब्यातील पुरावा दडवणाऱ्याविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा कलम ११९ च्या दृष्टांतात आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात येऊ नये म्हणून नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ अन्वये अपराधही आहे. तेव्हा कायद्याची चौकट आपल्याकडे दुबळी नाही.

अडचण घटनास्थळाच्या पंचनाम्यापासून सुरू होते. पंचनाम्यात टायरच्या खुणांची लांबी येते, पण इंजिन एककाचा उल्लेख क्वचितच येतो. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, सुकाणू व टायर तपासतात. एककातील माहिती उतरवून घेण्याची अपेक्षा त्यांच्याकडून सहसा केली जात नाही. त्यातच मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३६ प्रमाणे तपासणीसाठी नेलेले वाहन औपचारिकता आटोपल्यावर चोवीस तासांत परत करावयाचे असते. जप्त केलेले वाहनही सुपूर्दनाम्यावर मालकाला मिळते. वाहन हे मालकाच्या चरितार्थाचे साधन असल्याने ही तरतूद अन्याय्य म्हणता येणार नाही. परंतु वाहन सोडण्यापूर्वी एककाची माहिती उतरवून तिचे हॅश मूल्य पंचनाम्यात लिहिण्यास काही तास पुरतात. मृताच्या वारसांना मोटार अपघात दावे न्यायाधिकरणासमोर पुढे जे सिद्ध करावे लागते, त्यातील बराच भाग त्या काही तासांत हाती येतो किंवा ट्रकबरोबर निघून जातो.