हरित हायड्रोजन : नाव नवे, ओळख जुनी

ताटातल्या पोळीचा आणि हायड्रोजनचा काय संबंध, असे कोणी विचारले तर आपण हसून सोडून देऊ. पण संबंध आहे आणि तो अगदी जवळचा आहे. गव्हाला नत्रखत लागते, खतासाठी अमोनिया लागतो आणि अमोनिया बनतो हवेतला नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या संयोगातून. हा हायड्रोजन आज बहुतांशी नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यात कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो. शिवाय आपल्या देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा परदेशातून आणावा लागतो.

यावर उपाय म्हणजे हरित हायड्रोजन. ऊन, वारा किंवा धरणाच्या पाण्यापासून मिळणाऱ्या विजेने पाण्याचे विघटन करायचे. हायड्रोजन वापरायचा, उरतो तो ऑक्सिजन. यासाठी भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले.

नांगलची आठवण

गंमत म्हणजे हे तंत्र आपल्याला नवे नाही! पंजाबातील नांगलच्या खत कारखान्यात १९६१ पासून भाक्रा धरणाच्या विजेवर असाच हायड्रोजन बनत होता. इजिप्तमध्ये आस्वान, पेरूमध्ये कुझकोजवळचे काचिमायो आणि झिम्बाब्वेतील क्वेक्वे येथेही पाण्याच्या विजेवर खताचे कारखाने चालले.

मग हे मागे का पडले? उत्तर विजेतच आहे. एक किलो हायड्रोजनसाठी पन्नासहून अधिक युनिट वीज खर्च होते. रोज पाच युनिट वापरणाऱ्या घराला ती दहा दिवस पुरेल! विजेची मागणी वाढली, तसा हा खर्च डोईजड झाला. नांगलने पुढे दुसऱ्या इंधनांची वाट धरली. क्वेक्वेचा हायड्रोजन विभाग वीजटंचाईच्या काळात, २०१५ मध्ये बंद पडला.

वीज कोणाची, पाणी कोणाचे?

आज सौरवीज स्वस्त झाल्यामुळे जुनी आशा पुन्हा जागी झाली आहे. पण जुना प्रश्नही तसाच उभा आहे. आफ्रिकेतील नामिबियाच्या किनाऱ्यावर, ल्युडेरिट्झजवळ, अमोनिया निर्यातीचा मोठा प्रकल्प आखला गेला. त्याच देशात निम्म्याच्या आसपास लोकांच्या घरी अजून वीज नाही. पाण्याचेही तसेच. किलोभर हायड्रोजनला नऊ लिटर शुद्ध पाणी लागते, शुद्धीकरण आणि थंड करण्यासाठी लागणारे वेगळे. आणि ऊन भरपूर असते ते नेमके राजस्थान, कच्छसारख्या कोरड्या मुलखात. समुद्राचे पाणी गोडे करून वापरता येईल, पण त्यालाही वीज आणि पैसा हवाच.

म्हणून विकसनशील देशांनी आधी आपले शेत, आपले खत पाहावे आणि मग निर्यातीचा विचार करावा. त्यासाठी वीजही नव्याने निर्माण केलेली हवी. घरातल्या दिव्याची किंवा शेतातल्या पंपाची काढून घेतलेली नव्हे. नांगलने साठ वर्षांपूर्वी दाखवून दिले की हे जमते. ते टिकवायचे कसे, हे आता आपल्याला शिकायचे आहे.