मान आणि मानधन

सन 2022 च्या मे महिन्याच्या 22 तारखेस जिनीव्हा येथें जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेंत आरोग्यसेवेबद्दल सहा सन्मान देण्यांत आले. त्यांपैकीं एक कोणा डॉक्टरास वा संशोधकास नव्हे, तर भारतांतील दहा लाखांवर स्त्रियांना मिळून होता. या स्त्रिया म्हणजे ‘आशा’ स्वयंसेविका. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज गांवांत वही घेऊन घरोघर फिरणारी आशाताईही त्या मानाची वांटेकरी आहे.

2005 सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतून ही योजना निघाली. साधारणतः हजार वस्तीमागें एक आशा, आणि ती त्याच गांवची विवाहित, विधवा अथवा घटस्फोटित स्त्री असावी, असा दंडक आहे. दंडक शहाणपणाचा खरा. परक्या माणसापुढें जी सून तोंड उघडणार नाहीं, ती शेजारच्या ताईला आपलें दुखणें सांगते.

तिचें सर्वांत मोलाचें काम बाळंतिणीच्या घरीं चालतें. दवाखान्यांत जन्मलेलें मूल घरीं आलें, कीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं तिनें त्याला पाहावयाचें असतें. वजन करणें, ताप पाहणें, मिनिटाचे श्वास मोजणें, बाळ अंगावर नीट पितें कीं नाहीं हें विचारणें, यांत वरवर पाहतां वैद्यकाचें पांडित्य कांहींच नाहीं. परंतु पहिल्या महिन्यांत बालकें दगावतात तीं बहुधा जंतुसंसर्गानें, श्वास कोंडल्यानें किंवा अपुऱ्या दिवसांचीं असल्यामुळें. आणि त्यांतील पुष्कळ आपत्तींच्या खुणा घरांतच प्रथम दिसतात. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं 1995 पासून 39 खेड्यांत बेताचें शिक्षण झालेल्या स्त्रियांना हें काम शिकविलें. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात बालमृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या खेड्यांच्या मानानें, 62 टक्क्यांनीं घटलेला आढळला. 1999 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें तें संशोधन छापलें.

वाळूजला हेंच काम अधिक अवघड होतें. 1985 सालीं बजाजचा वाहनकारखाना येथें निघाला, औद्योगिक वसाहत वाढली आणि बजाजनगर, रांजणगांव या बाजूस भाड्याच्या खोल्यांची दाटी झाली. खोली बदलणारें कामकरी कुटुंब मागें पत्ता ठेवीत नाहीं. लस टोंचावयाचें राहिलेलें मूल कोठें गेलें हें आशाताईनेंच शोधावयाचें! शिवाय जेथें नळाला रोज पाणी येत नाहीं, तेथें पिंपें भरून ठेवणें आलें, आणि डेंग्यूचा डांस नेमका अशाच सांचलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. त्याचीं अंडीं पिंपाच्या आंतल्या कडेला चिकटतात व साधारण आठवडाभरांत त्यांचे डांस होतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस पिंप नुसतें रितें न करतां घांसून कोरडें करा, असें ती सांगते. पुष्कळांना ती कटकट वाटते.

सरकारदरबारीं ती नोकर नसून स्वयंसेविका आहे. सबब तिला वेतन नाहीं. मानधन व कामागणिक मोबदला मिळतो. मानधन या शब्दांत मान पुढें आणि धन मागें आहे. व्यवहारांत तें धन फारच मागें राहिलें. 2023 च्या अखेरीस महाराष्ट्रांतील आशांनीं संप केला, तेव्हां मार्च 2024 मध्यें राज्य मंत्रिमंडळानें त्यांच्या मासिक मानधनांत 5000 रुपयांची वाढ मंजूर केली. जिनीव्हाचा सन्मान होऊन तोंवर जवळजवळ दोन वर्षें लोटलीं होतीं.

वाळूजच्या वसाहतीजवळच पाटोदा नांवाचें गांव आहे. कर पुरा भरणाऱ्या कुटुंबाचें दळण तेथील ग्रामपंचायत फुकट दळून देऊं लागली, आणि वसूल झालेल्या करांतून शुद्ध पाणी व स्वच्छता यांची सोय लागली. संत गाडगेबाबांच्या नांवानें 2000-01 मध्यें सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाच्या काळांत हें गांव नांवारूपास आलें. अशा गांवीं आशाताईचें निम्मे काम पंचायतच करून ठेवते. खोल्यांच्या चाळींत तसें नाहीं. घरपट्टी मालक भरतो, तो पुष्कळदां दुसरीकडे राहतो, आणि भाडेकरूच्या तान्ह्या मुलाची नोंद त्या वस्तींत आशाताईच्या वहींतच काय ती सांपडते.