जलरंगाची वही : कागद, कुंचला आणि रंग

जलरंगांत चित्रें काढण्याची हौस ज्यास नव्यानें लागते, तो दुकानांत गेला म्हणजे प्रथम रंगांच्या पेटीकडे वळतो. चोवीस रंगांची पेटी पाहून त्याचें मन हरखून जातें. उरलेल्या पैशांत एखादी शाळकरी चित्रवही व हातीं लागेल तो कुंचला तो विकत घेतो. मग घरीं येऊन आकाश रंगवावयास बसावें, तों कागद फुगून त्यास लाटा येतात, रंग पडल्या जागीं शोषला जाऊन डाग उमटतात, आणि दुसऱ्यांदा कुंचला फिरवितांच कागदाचा लगदा सुटूं लागतो. दोन-चार वेळां असें झालें, कीं आपल्या हातांत कला नाहीं असा निवाडा करून तो ती पेटी माळ्यावर टाकतो. दोष कागदाचा, आणि शिक्षा हाताला! म्हणून खर्चाचा क्रम उलटा ठेवावा : प्रथम कागद, नंतर कुंचला आणि सर्वांत शेवटीं रंग.

कागदाला एवढें महत्त्व कां, याचें कारण जलरंगाच्या घडणींतच आहे. तैलचित्रांतील शुभ्रता नळींतील पांढऱ्या रंगांतून येते. जलरंगाची शुभ्रता कागदांतून येते. रंगाचा पातळ थर भेदून प्रकाश कागदापर्यंत जातो व तेथून परतून डोळ्यांस मिळतो. शिवाय रंग किती वेळ पृष्ठभागावर ओला राहील, हें कागदाच्या खळीवर अवलंबून असतें. खळ नसेल तर कागद टीपकागदासारखा वागतो. ती चांगली असेल तर रंग कांहीं क्षण वर तरंगतो, आणि त्या क्षणांतच चित्रकाराचें काम होतें. अठराव्या शतकांत इंग्लंडमधील केंट परगण्यांत जेम्स व्हॉटमन यानें विणलेल्या तारेच्या जाळीवर, रेघा नसलेला व सरसाची खळ दिलेला कागद तयार केला. टर्नरसारख्या चित्रकारानें पुढें तो आवडीनें वापरला. आपल्याकडील हळदणकरांचें, हातीं दिवा घेतलेल्या स्त्रीचें चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांत आहे. पाहणारास तें तैलचित्र वाटावें, इतकी त्यांत रंगांची खोली आहे. पण तें जलरंगांतलें आहे.

कागद घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, तो कशाचा केला आहे. कापसाच्या तंतूंचा कागद चिवट असतो व वर्षानुवर्षें पांढरा राहतो. स्वस्त लांकडी लगद्याचा कागद उजेडांत पिवळा पडतो. दुसरी गोष्ट वजन. दर चौरस मीटरास ३०० ग्रॅम वजनाचा कागद बेताच्या पाण्यानें फारसा वांकत नाहीं. २०० ग्रॅमच्या आंतला कागद भरपूर पाणी वापरावयाचें असल्यास आधीं भिजवून, फळीवर चिकटपट्टीनें ताणून बसवावा लागतो. तिसरी गोष्ट पोत. गरम दाबाचा कागद गुळगुळीत असतो व तो बारीक रेघांस बरा. थंड दाबाचा मध्यम खरखरीत. आणि रफ कागद अगदीं खडबडीत. नवशिक्यानें मध्यमच पत्करावा. पुण्यास १९४० सालीं हातकागद संस्था स्थापन झाल्यापासून हातकागदाची ओळख पुष्कळांस आहे. मात्र कोणताहि हातकागद घेण्यापूर्वीं त्यास खळ कितपत आहे, हें एका तुकड्यावर पाणी टाकून पाहावें. थेंब लागलीच पसरून मागें उमटला, तर तो लिहिण्याचा किंवा बांधणीचा कागद समजावा.

बाहेर हिंडून रेखाटनें करणाऱ्यास वही सोयीची. ती हातावर पेलेल एवढीच असावी, पानें शिवलेलीं असावीं आणि उघडली असतां सपाट बसावी. तयार वही महाग वाटत असेल, तर ती घरींच करतां येते. बावीस इंच बाय तीस इंचांचा एक मोठा ताव तीनदां निम्मा केला असतां अकरा बाय साडेसात इंचांचीं आठ पानें निघतात. दोन तावांचीं सोळा पानें जाड पुठ्ठ्यांत शिवून घेतलीं कीं वही तयार होते.

कुंचले दोनच पुरे : एक आठ किंवा दहा क्रमांकाचा गोल, व एक रुंद चपटा. गोल कुंचला पाण्यांत बुडवून झटकला असतां त्याचें टोंक आपोआप सुईसारखें झालें पाहिजे. दुकानांतच ही परीक्षा करावी. केंस कोणत्या प्राण्याचे, यापेक्षां हें टोंक महत्त्वाचें. कृत्रिम तंतूंचे कुंचलेहि आतां चांगले मिळतात.

रंग पांच-सहा पुरेत : लेमन येलो, येलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, एक हिरवट निळा आणि एक टिकाऊ गुलाबी. नळीवर छापलेली टिकाऊपणाची खूण वाचूनच तो घ्यावा. अलिझरीन क्रिमझन दिसावयास मोहक, पण उजेडांत विटतो. १८८८ सालीं रसेल व ॲबनी या दोघां शास्त्रज्ञांनीं इंग्लंडांत जलरंगांच्या विटण्यावर अहवाल दिला. त्यांना असें आढळलें कीं हवा व ओलावा नसेल तर बहुतेक रंग उजेडांतहि टिकतात. कोंकणांत व मुंबईंत राहणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत धरावें.

आपल्या पावसाळ्याचा पहिला घाव मात्र कागदावरच बसतो. दमट हवेनें खळ मरते. कागद वरून चांगला दिसतो, पण रंग टाकतांच तुरळक डाग उमटतात. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं जुने ताव पडून असतील, त्यांनीं आधीं कोपऱ्यावर रंग लावून पाहावा. पावसाळ्यापूर्वीं लागेल तेवढाच कागद घ्यावा, व तो प्लॅस्टिकच्या पिशवींत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून, भिंतीपासून दूर ठेवावा.

शेवटीं एक इशारा. चांगला कागद हातीं आला, कीं तो खराब होईल या भीतीनें कित्येक जण त्याला हातच लावीत नाहींत. कागद जपून ठेवल्यानें हात तयार होत नाहीं, आणि ठेवलेल्या कागदाची खळ तर वाऱ्यानेंच मरते. वहीचें पहिलें पान बिघडेल असें धरूनच सुरुवात करावी. त्याच्या पाठीवर दुसरें चित्र काढावें. सोळा पानें भरतां भरतां पाणी किती घ्यावें व केव्हां थांबावें, हें हाताला आपोआप कळूं लागतें. आणि माळ्यावर जाणारी पेटी मेजावरच राहते.