चिंता, अंतःस्राव आणि झोप

चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचेच काय ते अंतर, असे आपल्याकडील जुनी माणसे म्हणत आली. वचन मार्मिक आहे. पण चिंता माणसाला नेमकी जाळते कशी, याची फोड विसाव्या शतकातील शरीरशास्त्राने केली. तिचा थोडक्यात परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी असते. वजन अर्ध्या तोळ्याहूनही कमी; पण संकटकाळी मोठा कारभार तिच्याकडे जातो. अंधाऱ्या वाटेवर पायाशी साप दिसला की क्षणार्धात तिच्यातून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरते. छाती धडधडते, रक्तातील साखर वाढते, स्नायूंकडे रक्त धावते. लढण्याची वा पळण्याची ही सिद्धता होय, असे वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या ग्रंथात मांडले.

साप निघून जातो आणि छाती ठिकाणावर येते. पण कर्जाचा हप्ता, मुलाची परीक्षा, घरातील आजारपण ही संकटे अशी निघून जात नाहीत. तेथे त्याच ग्रंथीच्या बाह्यस्तरातील कॉर्टिसॉल पुढे येते. मेंदूतील हायपोथॅलॅमस पोषग्रंथीला हुकूम देतो आणि पोषग्रंथी अधिवृक्क ग्रंथीला. हा हुकूम सतत सुटत राहिला तर काय होते? हॅन्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, इजा थंडीची असो वा विषाची, परिणाम एकाच वळणाचा होतो : अधिवृक्क ग्रंथी फुगते आणि जठरात व्रण पडतात.

तथापि कॉर्टिसॉलला शत्रू समजणे चूक ठरेल. निरोगी माणसात ते पहाटे चढते, म्हणून आपण ताजेतवाने उठतो. मध्यरात्रीच्या सुमारास ते अगदी खाली असते. उलट, अंधार पडला की मेंदूतील पीनियल ग्रंथी मेलॅटोनिन स्रवू लागते. याचा शोध एरन लर्नर व त्यांचे सहकारी यांनी १९५८ साली लावला. एकाने दिवसाचा पहारा करावा, दुसऱ्याने रात्रीचा, अशी ही निसर्गाची वाटणी. चिंताग्रस्त माणसाचा दिवसपाळीचा पहारेकरी मात्र रात्रीही जागाच राहतो.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. चिंतेने झोप उडते, तशी झोप उडाल्यानेही शरीर चिंताग्रस्तासारखे वागू लागते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग ६ रात्री केवळ ४ तास अंथरुणावर राहू दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, साखर पचविण्याची त्यांची शक्ती घटली आणि सायंकाळी उतरावयाचे कॉर्टिसॉल चढेच राहिले. मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या आपल्या देशाने हे विसरू नये.

मग करावे काय? उठण्याची वेळ ठरलेली असावी. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे. सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. निजण्यापूर्वी दिवे मंद करून मोबाइल दूर ठेवावा. उद्याची कामे कागदावर उतरवावीत, म्हणजे ती उशाशी येत नाहीत. एवढे करूनही आठवडेच्या आठवडे झोप न आली, तर शेजाऱ्याची गोळी न मागता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आपण कमी झोपणाऱ्याला उद्योगी म्हणतो आणि वेळेवर निजणाऱ्याला आळशी. हा हिशेब उलटा आहे. झोपेत चुकविलेले तास शरीर विसरत नाही. त्याची वसुली ते पुढे प्रकृतीतून करते.