पोटगीच्या दाव्यातील तिऱ्हाईत

पोटगीचा दावा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच व्यक्ती उभ्या राहतात. एक मागणारी पत्नी व दुसरा देणारा पती. परंतु अशा कित्येक दाव्यांत एक तिसरा मनुष्यही असतो व तो बहुधा पडद्याआड राहतो. कधी तो चुलतभाऊ असतो, कधी स्नेही, तर कधी दुकानाचा हिशेबनीस. पित्याची मिळकत न्यायालयाच्या दृष्टीस पडू नये म्हणून तो आपले नाव, आपले बँकेचे खाते किंवा आपली लेखणी उसनी देतो. त्याची समजूत अशी असते की, भांडण नवराबायकोचे आहे आणि आपण केवळ नात्याला जागलो. या समजुतीत दोन चुका आहेत, आणि त्या उलगडून दाखविणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

पहिली चूक ही की, हा पैसा पत्नीचा नसून मुलाचा असतो. मातापित्यांत कोणाचा किती दोष, हा प्रश्न निराळा. अपत्याच्या अन्नवस्त्राशी व शाळेशी त्याचा संबंध नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या १४४ व्या कलमान्वये, स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेल्या अपत्यास, मग ते औरस असो वा अनौरस, ऐपत असलेल्या पित्याकडून पोटगी मागता येते. पित्याचा धर्म कोणता, हे येथे पाहिले जात नाही. १९७३ च्या जुन्या संहितेत या रकमेस दरमहा ५०० रुपयांची मर्यादा होती; ती २००१ साली काढून टाकण्यात आली. तेव्हापासून पोटगीची रक्कम पित्याच्या खऱ्या ऐपतीवर ठरू लागली, आणि म्हणूनच ती ऐपत लपविण्याचा मोहही वाढला.

दुसरी चूक ही की, मदत करणारा कायद्याच्या दृष्टीने तिऱ्हाईत राहत नाही. हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, इचलकरंजीस एका गृहस्थाचे आठ यंत्रमाग आहेत. पत्नीने मुलासाठी अर्ज करताच त्याने चार माग चुलतभावास बक्षीस दिले, असे लिहून ठेवले. पुढे आणखी चार माग घेतले. पैसे याचे, पण खरेदी भावाच्या नावे. एका व्यापारी मित्राने त्यास आपल्या पेढीवर बारा हजारांचा नोकर म्हणून दाखविले व तसा पगाराचा दाखला दिला. हिशेबनिसाने वह्या त्याप्रमाणे जुळविल्या. चौघांनाही वाटले, काम फत्ते झाले.

आता न्यायालय काय करते ते पाहा. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घालून दिला की, पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात उभय पक्षांनी आपले उत्पन्न, खर्च, मालमत्ता व कर्जे यांचे शपथपत्र ठराविक नमुन्यात दाखल करावे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही त्याच निर्णयात सांगितले. म्हणजे लपवाछपवीत जितके महिने जातील, तितकी थकबाकीच डोक्यावर चढते. शपथपत्राबद्दल संशय आला तर बँकेचे उतारे व प्राप्तिकराची विवरणपत्रे मागविता येतात, आणि पगाराचा दाखला देणाऱ्या मालकास साक्षीसाठी बोलाविता येते. बारा हजारांच्या नोकराचा मुलगा महागड्या शाळेत कसा होता आणि घराचे हप्ते कोण भरत होते, हे प्रश्न साधे आहेत. पण त्यांची उत्तरे बनावट वहीत सापडत नाहीत.

येथून मदतनिसांची पाळी येते. प्रथम व्यापारी व हिशेबनीस घेऊ. न्यायालयीन कामात पुरावा म्हणून पुढे यावी या हेतूने वहीत खोटी नोंद करणे किंवा खोटा दस्त बनविणे, यास भारतीय न्याय संहितेच्या २२८ व्या कलमात खोटा पुरावा रचणे म्हटले आहे. न्यायालयीन कामकाजात त्याची शिक्षा, कलम २२९ प्रमाणे, सात वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर खोटे सांगणाऱ्यासही तीच शिक्षा लागू आहे. मालकाच्या हुकुमावरून लिहिले, हा हिशेबनिसाचा बचाव जाणूनबुजून लिहिलेल्या खोट्यास पुरत नाही. शिवाय अशा अपराधाची फिर्याद चौकशीअंती न्यायालयाकडूनच होते. त्यामुळे उद्या पतिपत्नींचा समेट झाला, तरी साक्षीदारावरील बालंट आपोआप टळेल असे नाही.

आता चुलतभाऊ. दिवाणी दाव्यातील हुकूमनाम्याच्या वसुलीतून मालमत्ता वाचावी या हेतूने, आपला हक्क नाही हे ठाऊक असता ती स्वीकारणे किंवा तिच्यावर हक्क सांगणे हा कलम २४४ खाली स्वतंत्र गुन्हा असून, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आहे. हे कलम मालमत्ता देणाऱ्यासाठी नसून घेणाऱ्यासाठी आहे, हे ध्यानात ठेवावे. जमीन किंवा घर असेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचाही विचार करावा लागतो. धनकोंना बुडविण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण त्यांच्या मागणीवरून रद्द होऊ शकते. आणि ज्या स्थावराच्या उत्पन्नातून पोटगीचा हक्क आहे, ते फुकट मिळविणाऱ्याकडून किंवा तो हक्क ठाऊक असून घेणाऱ्याकडूनही पोटगी वसूल करता येते.

नव्या चार मागांची गोष्ट याहून कठीण आहे. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे व लाभ पहिल्याचा, अशा व्यवहारास बेनामी म्हणतात. १९८८ च्या बेनामी कायद्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. तदनुसार अशी मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. कायद्याला चकविण्यासाठी किंवा धनकोंस टाळण्यासाठी असा व्यवहार केल्यास खरा मालक, नावधारी व त्यांस चिथावणी देणारा, या तिघांनाही एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या चतुर्थांशापर्यंत दंड सांगितला आहे. आणखी एक मौज अशी की, पुढे भावाने माग परत देण्याचे नाकारले, तर खऱ्या मालकास ते आपले म्हणून दावा लावता येत नाही. अशा रीतीने मुलास वंचित करावयास निघालेला बाप भावाच्या मर्जीवर जगू लागतो.

नोकरीवर ठेवणाऱ्या प्रामाणिक मालकानेही एक गोष्ट जाणून घ्यावी. पोटगीच्या दिवाणी हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. उरलेला जप्त होऊ शकतो. जप्तीचा हुकूम हाती आल्यावर तो डावलून पूर्ण पगार नोकरास दिला, तर तितक्या रकमेस मालक स्वतः जबाबदार ठरतो.

तथापि प्रत्येक साहाय्य हा गुन्हा नव्हे. खरे कर्ज देणे, खरी नोकरी देणे, योग्य मोल मोजून सद्भावाने वस्तू विकत घेणे यांत भिण्यासारखे काही नाही. भावाची मिळकत आपणास ठाऊक आहे, एवढ्यानेच आपण अपराधी ठरत नाही. मात्र समन्स आल्यावर खरे सांगणे प्राप्त आहे. अपराध घडतो तो जाणीव व हेतू यांमुळे. यास्तव कोणी आपले नाव किंवा सही मागू लागला, तर ती कशासाठी हे विचारावे, आणि उत्तर संशयास्पद वाटल्यास नकार द्यावा. हातून सही होऊन गेली असेल, तर कागद नष्ट करू नयेत. त्याने दुसरा अपराध जोडला जातो. वकिलाचा सल्ला घेऊन सत्य सांगावे, हेच श्रेयस्कर.

आणि ज्या पित्याची मिळकत खरोखर घटली आहे, त्यास आडमार्गाची गरजच नाही. परिस्थिती बदलल्यास पोटगीची रक्कम बदलून मागण्याची सोय कलम १४६ मध्ये आहे. उलट हुकूम होऊनही सबळ कारणाशिवाय पैसे न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले आहे. दुसऱ्या बाजूस, स्त्रिया व मुले यांना १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यान्वये, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळू शकतो. वकिलाची फी परवडत नाही म्हणून ती माता गप्प बसेल, हा हिशेबही मदतनिसाने करू नये.

भावाला खरी मदत करावयाची असेल तर त्यास उसने पैसे द्यावेत, धंद्यात हात द्यावा, वकिलाकडे सोबत जावे. जे मूल या व्यवहारात उपाशी राहते, ते चुलत्याचेही पुतणे असते, एवढे सही करण्यापूर्वी आठवले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.